आधी काय, मग काय?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



माता आणि बालकांच्या आरोग्यावर मी चार शब्द बोलावेत अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. मी विचारले, "यातले नेमके काय सांगू?" त्या म्हणाल्या, "सगळेच सांगा." सगळेच सांगणे फार सोपे असते. पण सगळेच सांगितले म्हणजे ऐकणारीच्या पदरात बहुधा काहीच पडत नाही, हा माझा परिचारिकेच्या नोकरीतील चौतीस वर्षांचा अनुभव आहे.

गरोदर बाईला आज सल्ला कोण देत नाही? सासू देते, आई देते, शेजारीण देते, आशाताई देतात, अंगणवाडीताई देतात, डॉक्टर देतात. आणि हातातला मोबाईल तर रात्रंदिवस देतच असतो. एका नव्या सुनेला मिळालेल्या सूचना मी एकदा कागदावर उतरवल्या, तर त्या चाळीसच्या वर भरल्या. त्यात लोहाच्या गोळ्या होत्या आणि बाळ गोरे व्हावे म्हणून केशरही होते. रक्तदाब तपासणे होते आणि ग्रहणात सुरी हाती न धरणेही होते. ती पोर मला म्हणाली, "केशर अगदी न चुकता घेते. गोळ्यांनी मळमळते, म्हणून त्या तेवढ्या बंद केल्यात." चाळीस गोष्टी एका ओळीत मांडल्या की माणूस त्यातल्या सोप्या तेवढ्या उचलतो आणि जरुरीच्या सोडून देतो. यात तिचा काही दोष नाही. कोणती गोष्ट आधीची आणि कोणती नंतरची, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते.

तेव्हा आज मी एकाच प्रश्नाविषयी बोलणार आहे. घरात वेळ, पैसा आणि अंगातले बळ ही तिन्ही मोजकी असताना आईच्या आणि मुलाच्या आरोग्यासाठी आधी काय करावे, आणि काय मागे राहिले तरी चालेल?

हा प्रश्न आपणा बायकांना खरे म्हणजे नवा नाही. महिन्याचे पैसे हाती आले की आपण आधी ज्वारी-तांदूळ, तेल-मीठ भरतो, मग मुलांच्या फीचे बघतो, आणि उरले तर पडद्यांचे कापड घेतो. आधी पडदे आणि मग पीठ असे करणारी बाई आपल्यात एकही सापडायची नाही. पण हाच शहाणपणा बाळंतपणाच्या वेळी कुठे जातो कोण जाणे! दोहाळजेवणाला फुलांची वाडी भरायची, झोपाळा सजवायचा, फोटोवाला बोलवायचा. आणि त्याच बाईच्या अंगात रक्त किती आहे हे घरात एकालाही ठाऊक नसायचे. दोहाळजेवण करू नका असे मी म्हणत नाही. लेकीसुनेचे कौतुक व्हायलाच हवे. पण ते क्रमाने व्हावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

क्रम लावायचा कसा? त्यासाठी मी तीन प्रश्न वापरीत आले आहे. पहिला प्रश्न, कशामुळे जास्त नुकसान होते? दुसरा, त्यातले काय आपल्या घरच्या हातात आहे? आणि तिसरा, कोणती गोष्ट थांबू शकत नाही, म्हणजे आज हुकली तर उद्या करून भागत नाही? या तिन्हींना 'होय' असे उत्तर जिच्यासंबंधी येईल, ती गोष्ट आधी. मुलाला पांगुळगाडा घेणे महिनाभर पुढे ढकलता येते, किंबहुना घेतलाच नाही तर उत्तम. पण जन्मल्यानंतरचा पहिला तास पुढे ढकलता येत नाही.

या रीतीने विचार करणारी माणसे आपल्याच महाराष्ट्रात होऊन गेली आणि आहेत. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या पतिपत्नींनी जामखेडला काम सुरू केले. दवाखाना घातला की लोकांचे आरोग्य सुधारेल, एवढ्यावर ते थांबले नाहीत. लोकांना आधी काय हवे ते त्यांनी विचारले. लोकांनी औषध मागितले नाही, अन्न आणि पाणी मागितले. मग पाण्याची सोय आणि लहान मुलांचे जेवण येथून आरंभ झाला, आणि गावातल्याच बायका, त्यातल्या कित्येक अक्षरशत्रू, शिकून आपल्या गावच्या आरोग्यसेविका झाल्या. उपाशी मुलाला औषधाची बाटली हा दुसरा क्रम झाला, पहिला क्रम भाकरीचा, हे त्या गावांनी ओळखले.

दुसरे उदाहरण गडचिरोलीचे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तेथे 'सर्च' ही संस्था काढली. मुले कशाने जातात याची त्यांनी गावोगाव मोजदाद केली. न्यूमोनियावर गावातच उपचार सुरू केले. पुढे असे दिसले की उरलेल्या मृत्यूंपैकी मोठा वाटा जन्मल्यापासून अठ्ठावीस दिवसांच्या आतील अर्भकांचा आहे. ही अर्भके रुग्णालयापर्यंत येतच नव्हती. तेव्हा एकोणचाळीस गावांतील बायकांना शिकवून तयार केले. बाळाचे वजन करणे, ताप मोजणे, त्याला ऊब देणे, श्वास मोजणे आणि जंतुदोष ओळखून औषध देणे हे सारे त्यांनी घरी जाऊन केले. तीन वर्षांत तेथील नवजात बालकांचे मृत्यू, शेजारच्या गावांच्या तुलनेत, सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तो वृत्तांत प्रसिद्ध झाला, आणि २०११ पासून हेच काम आशाताईंच्या हाती देशभर सोपवण्यात आले. तुमच्या दारी बाळाचे वजन करायला जी आशा येते, तिच्या त्या फेरीमागे गडचिरोलीच्या बायकांचा घाम आहे. तिला "बाळ झोपले आहे, उद्या या" म्हणून दारातून परत पाठवू नका.

आता आपल्या घरांकडे वळू. आपल्या आज्यांच्या काळी पहिला क्रम निर्विवाद होता : बाळंतपण सुखरूप कोठे आणि कोणाच्या हातून होणार? मळक्या विळ्याने नाळ कापली जाई आणि आठवडाभरात मूल धनुर्वाताने जाई. ती लढाई आपण बरीचशी जिंकलो आहोत. १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील निम्म्याहून कमी बाळंतपणे रुग्णालयात होत होती. २०१९-२१ च्या पाहणीत शंभरापैकी जवळजवळ ९५ झाली. माता आणि नवजात बालकांचा धनुर्वात सार्वजनिक प्रश्न म्हणून २०१५ साली देशातून हटला. २०१८-२० च्या सरकारी नोंदीप्रमाणे महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्या. त्याच काळी साऱ्या देशाचा आकडा ९७ होता. ही सामान्य गोष्ट नाही. तिच्यामागे पुष्कळ सुइणी, परिचारिका, डॉक्टर आणि शहाण्या सासवा आहेत.

पण एक लढाई जिंकली की आघाडी पुढे सरकते. त्याच २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांपैकी ५४ जणींच्या अंगी रक्त कमी होते. गरोदर बायकांत हे प्रमाण शंभरात सुमारे ४६, आणि सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांत सुमारे ६९. पाच वर्षांखालील शंभर मुलांपैकी ३५ वयाच्या मानाने खुजी. म्हणजे बाळंतपण रुग्णालयात झाले, पण जी बाई तेथे गेली ती पांढरीफटक गेली, आणि जे मूल घरी आले ते नीट वाढले नाही. तेव्हा आजचे अग्रक्रम रुग्णालयाच्या दारात कमी आणि आपल्या स्वयंपाकघरात जास्त आहेत. ते मी पाच सांगते.

पहिला क्रम रक्ताचा. आणि तो गरोदरपणात सुरू होत नाही, मुलगी न्हातीधुती होते तेथून सुरू होतो. आपल्या घरात सर्वांत शेवटी कोण जेवते? आमटीतले डाळीचे दाणे आधी संपतात आणि शेवटच्या ताटात पाणी येते. ते ताट बहुधा सुनेचे, नाहीतर मोठ्या लेकीचे. वर्षानुवर्षे शेवटच्या ताटावर जेवलेल्या बाईच्या रक्ताची तूट गरोदरपणाच्या सहा महिन्यांत गोळ्यांनी भरून काढणे फार कठीण. म्हणून घरात एक नियम करा : गरोदर आणि बाळंतीण बाईने पहिल्या पंक्तीला बसायचे. या सुधारणेला एक पैसा खर्च नाही. फक्त वडीलमाणसांचे मन मोठे हवे. त्याबरोबर मुलीच्या लग्नाचे वय. वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांची चौकशी २०१९-२१ मध्ये झाली, तेव्हा महाराष्ट्रातील शंभरापैकी सुमारे २२ जणींची लग्ने अठरा पुरी होण्याआधीच झालेली आढळली. स्वतःची वाढ पुरी न झालेली पोर दुसऱ्या जिवाला काय देणार?

गोळ्यांविषयीही चार शब्द. चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा तितक्याच. त्या फुकट मिळतात. मळमळ होत असेल तर रात्री जेवणानंतर घ्याव्यात. शौचाला काळी होते, त्याला घाबरू नये. चहाबरोबर किंवा चहानंतर लगेच घेतली तर गोळीचा गुण निम्मा वाया जातो. लिंबू किंवा आवळा बरोबर असला तर तो वाढतो. कॅल्शियमची गोळी निराळ्या वेळी घ्यावी. आणि ही गोळी सुनेच्या एकटीच्या आठवणीवर सोडू नये. नवऱ्याने रोज रात्री एक गोळी आणि पाण्याचा पेला हाती द्यावा. तेवढ्याने त्याच्या पुरुषपणात काही उणे येत नाही.

दुसरा क्रम निर्णयाचा. हा शब्द ऐकून तुम्हांला नवल वाटेल. पण बाई दगावते त्यामागे तीन उशीर असतात असे या विषयातील जाणकार सांगतात : घरात निर्णय व्हायला उशीर, रुग्णालयात पोचायला उशीर, आणि पोचल्यावर उपचार मिळायला उशीर. तिसरा उशीर आपल्या हाती नाही, दुसरा थोडाफार आहे, पण पहिला पूर्णपणे आपल्याच हाती आहे.

माझ्या कामाच्या भागातील एक गोष्ट सांगते. दुसरे बाळंतपण, सारे सुरळीत. तिसऱ्या दिवशी घरी आली आणि चौथ्या रात्री अंगावरून जाऊ लागले. लुगड्याच्या घड्या बदलल्या तरी थांबेना. सासू जाणती होती, घाबरलीही होती. पण मुलगा परगावी, त्याचा फोन लागेना, आणि त्याला न विचारता गाडी सांगावी कशी, पैसे कोण देणार, या विचारात सव्वा तास गेला. आमच्यापर्यंत निरोप आला तोवर तिचे हातपाय गार पडले होते. ती वाटेतच गेली. घरात माया होती, पदरी चार पैसे होते, गाडी शेजारीच उभी होती. नव्हती ती फक्त एक गोष्ट : 'असे झाले तर कोणाला न विचारता निघायचे' हे आधी ठरलेले नव्हते. बाळंतपणानंतरचा मोठा रक्तस्राव दोन तासांतही जीव घेऊ शकतो. त्यातला सव्वा तास आपण विचारविनिमयात घालवतो.

म्हणून सातवा महिना लागला की दोहाळजेवणाच्या याद्या करण्याआधी घरातल्या सर्वांनी बसून हे ठरवावे : कोणत्या रुग्णालयात जायचे, गाडी कोणाची, आणि ती नसेल तर १०८ ला फोन कोण करणार, रक्त लागले तर कोण देणार, आणि घरी मुलगा नसेल तेव्हा निघण्याचा अधिकार कोणाचा. हा अधिकार सासूला द्या, नाहीतर सरळ त्या बाईलाच द्या. आणि न थांबता निघण्याच्या खुणा सर्वांना पाठ असाव्यात : अंगावरून रक्त जाणे, असह्य डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडाहातांवर सूज, झटके, ताप, कळांआधी पाणी जाणे, पोटातल्या बाळाची हालचाल मंदावणे. पाढे पाठ करणाऱ्या घराला या आठ खुणा जड नाहीत.

येथेच आपल्या एका गोड चालीविषयी बोलायला हवे. पहिले बाळंतपण माहेरी. चाल चांगली आहे. लेकीला विसावा मिळतो. पण नाव नोंदलेले सासरच्या गावी, बाळंतपण माहेरच्या गावी, आणि तपासण्यांचे कार्ड राहिले सासरच्या कपाटात! तिकडची आशा म्हणते, ती माहेरी गेली. इकडची म्हणते, तिचे नाव माझ्या वहीत नाही. रक्तगट कोणता, रक्तदाब कधी वाढला होता, कोणालाच ठाऊक नसते. तेव्हा लेकीची ओटी भरताना त्या ओटीत नारळाबरोबर माता-बाल संरक्षण कार्डही घाला, आणि माहेरी पोचताच दुसऱ्या दिवशी तिथल्या आशाताईंना ते दाखवा.

तिसरा क्रम पहिल्या तासाचा आणि पहिल्या अठ्ठावीस दिवसांचा. आनंदीबाई जोशी चौदा वर्षांच्या असताना त्यांचे मूल दहा दिवसांचे होऊन गेले; त्या दुःखातून त्या वैद्यकीकडे वळल्या आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या. त्या काळी घरोघर असे दहा दिवसांचे पाळणे रिकामे होत. आपल्या पूर्वजांनी पाचवी पुजली, सटवाई पुजली, ती उगाच नव्हे. हे दिवस धोक्याचे आहेत हे त्यांना पक्के ठाऊक होते. भीती खरी होती, उपाय तेवढे हाती नव्हते. आज ते आहेत, आणि बहुतेक फुकट आहेत.

जन्मल्यापासून तासाच्या आत बाळाला अंगावर घ्यावे. पहिला पिवळसर चीक पिळून टाकू नये. ती बाळाची पहिली लस समजा. २०१९-२१ च्या पाहणीत आपल्याकडे निम्म्याहून थोड्याच अधिक मुलांना तासाच्या आत आईचे दूध मिळाले होते. बाळंतपणे ९५ टक्के रुग्णालयात, आणि पहिल्या तासाचे दूध निम्म्यांनाच! म्हणजे आपण दारापर्यंत गेलो आणि आत पाऊल टाकायचे विसरलो. सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही नको. पाणी नको, गुटी नको, आणि मध तर वर्षाच्या आत मुळीच नको. गुटीच्या बाबतीत आज्यांना राग येतो हे मला माहीत आहे. त्यांना मी सांगते, गुटी उगाळण्याचा तुमचा हात बाळाला नको असे नाही. तोच हात धुऊन त्याने बाळाला टोपडे घाला, त्याला ऊब द्या. पहिला दिवस अंघोळ नको. बाळ कमी वजनाचे असेल तर वजन वाढेपर्यंत पुसून काढणे पुरे. अडीच किलोहून कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून, जितका वेळ जमेल तितका ठेवावे. १९७८ साली कोलंबिया देशातील बोगोटा येथे काचेच्या पेट्या पुऱ्या पडेनात, म्हणून ही रीत सुरू झाली. पुढे शास्त्रीय कसोट्यांनीही ती खरी ठरली. आईला थकवा आला तर बापाची छातीही तितकीच उबदार असते. बाळंतिणीच्या बंद खोलीतली कोळशाची शेगडी मात्र बाहेर काढा. तिच्या धुराने ऊब थोडी आणि गुदमर फार.

बाळ दूध ओढीनासे झाले, निपचित पडले, अंग गार किंवा कढत लागले, श्वास भराभर चालू लागला, छाती आत ओढली जाऊ लागली, झटके आले, तर बारशाची तिथी असो की पाचवीची रात्र, निघायचे.

चौथा क्रम वाटीचा, आणि माझ्या मते आज आपण सर्वांत जास्त चुकतो ते इथे. सहावा महिना सरला की आपण थाटाने उष्टावण करतो. मामाच्या मांडीवर मूल, चांदीच्या वाटीत खीर. आणि दुसऱ्या दिवसापासून? वरणाचे वरचे पाणी, चहात बुडवलेले बिस्किट, किराणा दुकानातला पाच रुपयांचा पुडा. सहा महिने ते दोन वर्षे या वयात पुरेसा आणि चौरस आहार मिळणारी मुले २०१९-२१ मध्ये महाराष्ट्रात शंभरात दहासुद्धा नव्हती. याला केवळ गरिबी कारण असती तर खात्यापित्या घरांत तरी चित्र निराळे दिसले असते. तिथेही मी तीच वरणाची पाण्यासारखी वाटी पाहिली आहे. मुलाचे पोट त्याच्या मुठीएवढे. ते पाण्याने भरले की भूक मरते आणि अंगी काहीच लागत नाही. म्हणून घट्ट मऊ भात, त्यात घट्ट वरण, वर चमचाभर तेल किंवा तूप, कुस्करलेली भाजी, नाचणीची घट्ट पेज, शेंगदाण्याचे बारीक कूट, चालत असेल तेथे अंडे. दिवसातून थोडे थोडे चार वेळा, आणि आईचे दूध दोन वर्षांपर्यंत चालूच. इथे लागतो तो पैशापेक्षा वेळ. आई शेतावर किंवा कचेरीत गेली तर दुपारची वाटी कोण भरवणार, हे ज्या घराने ठरवले त्या घराचे मूल वाढले. पहिल्या खेपेला प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे पाच हजार रुपये मिळतात. ते बारशाच्या मंडपात उडाले की वाटीत काही उतरत नाही.

जुलाबांची गोष्टही याच वाटीला धरून. मूल जुलाबाने हैराण झाले की आपण त्याचे खाणे तोडतो. खाणे तोडू नये, दूध तोडू नये. मीठ-साखरेची सरकारी पुडी, ओ.आर.एस., एका लिटर पाण्यात पुरती विरघळवून घोट घोट पाजावी, आणि झिंकच्या गोळ्या चौदा दिवस द्याव्यात. १९७१ साली बांगलादेशाच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी अशाच पाण्यावर असंख्य कॉलऱ्याचे रोगी वाचवले. ही पुडी हळदकुंकवाच्या डब्यासारखी प्रत्येक घरात असावी.

पाचवा क्रम दोन मुलांतील अंतराचा. बाळंतपणानंतर निदान दोन वर्षे दुसरी खेप नको. तीन वर्षे झाली तर अधिक बरे. आईच्या अंगातले रक्त भरून यायला आणि पहिल्याची वाटी पुरी व्हायला एवढा अवधी लागतोच. यातली जबाबदारी दोघांची. पण आपल्याकडे शस्त्रक्रिया करून घेतात त्या बायकाच. पुरुषांचे प्रमाण शेकडा एकसुद्धा नाही. पुरुषांची शस्त्रक्रिया सोपी आणि कमी धोक्याची असते, हे या सभेतून घरी गेल्यावर जेवताना सहज सांगून पाहा.

हे पाच क्रम झाले. पण ते प्रत्येक घरात याच ओळीने लागतील असे नाही. बीडकडून ऊसतोडीला जाणारे जोडपे घ्या. दिवाळीनंतर गाव सुटतो, पाच-सहा महिने पाचटाच्या कोपीत. तिथे 'चौरस आहार घ्या' म्हणणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे. त्या बाईसाठी पहिली गोष्ट कार्ड आणि गोळ्यांचा साठा बरोबर नेणे, आणि कारखान्याच्या गावी पोचताच तिथल्या आरोग्य केंद्रात नाव सांगून मुलांच्या लशींच्या तारखा चुकू न देणे. शहरात नोकरी करणारी बाई घ्या. तिला २०१७ पासून कायद्याने पहिल्या दोन मुलांसाठी सव्वीस आठवड्यांची पगारी रजा आहे. तिच्यासाठी पहिला प्रश्न, रजा संपल्यावर बाळाचे दूध आणि वाटी यांची व्यवस्था काय? आणि एकत्र कुटुंबातली सून घ्या. तिच्या घरी अन्न, पैसा, गाडी सारे आहे. पण तिला बोलायची मुभा नाही. तिचा पहिला क्रम तोंड उघडता येणे. डॉ. राणी बंग यांनी १९८९ साली गडचिरोलीच्या दोन गावांतील बायकांची तपासणी प्रसिद्ध केली. शंभरातील ९२ जणींना स्त्रीरोग होते, आणि बहुतेकींनी तोवर कोणाला दाखवले नव्हते. विचारणारे कोणी भेटले नाही तर सांगणारी सांगणार कोणाला? म्हणून माझी विनंती आहे, कोणत्याही घरात सल्ला देण्याआधी विचारा : "बाई, तुला सर्वांत जड काय जाते?" तिच्या उत्तरातच तिच्या घरचा पहिला क्रम सापडेल.

शेवटी मंडळासाठी एक सूचना, थोडे धाडस करून. आपण दरवर्षी सुदृढ बालक स्पर्धा घेतो. बक्षीस कोणाला मिळते? जे मूल आधीच गुटगुटीत आहे त्याला. ज्या आईला खरी मदत हवी, ती आपले किडकिडीत मूल घेऊन त्या दिवशी घराबाहेर पडतच नाही. वर्धापनदिनाच्या निधीतून यंदा त्या बक्षिसांऐवजी तीन गोष्टी करता येतील. एक, प्रत्येक आळीतील गाडीवाल्यांची आणि रक्तदात्यांची यादी करून ती दर गरोदर बाईच्या घरी भिंतीवर लावणे. दोन, महिन्यातून एकदा सासवांचा मेळावा भरवणे. सुनांना आपण पुष्कळ शिकवले, पण घरच्या किल्ल्या अजून सासवांकडेच आहेत. दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची विनामूल्य तपासणी होते. त्या दिवशी सासूने सुनेला स्वतः घेऊन जावे, एवढे जरी या मेळाव्यातून साधले तरी पुष्कळ. आणि तीन, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लॅस्टिकचे डबे लुटण्याऐवजी लोखंडाची लहान कढई किंवा ओ.आर.एस.ची पुडी लुटणे. लोखंडी कढईने गोळ्यांची गरज संपत नाही, पण भाजीत थोडे लोह उतरते, आणि वाण रोज डोळ्यांसमोर राहते.

स्पर्धेवर ज्यांचे प्रेम आहे त्यांनी माझ्यावर रागावू नये. स्पर्धा ठेवायचीच असेल तर वर्षभरात ज्या मुलाचे वजन नेटाने भरून आले त्या आईला बक्षीस द्या. ते बक्षीस खरे कष्टाचे ठरेल.

भगिनींनो, गरिबाच्या घरी सगळेच करणे शक्य नसते, आणि श्रीमंताच्या घरी सगळेच केल्याने बरे होते असेही नाही. आज घरी गेल्यावर एवढेच करा. आपल्या घरात किंवा शेजारी जी गरोदर किंवा बाळंतीण असेल, तिला पहिल्या पंक्तीला बसवा आणि तिच्या शेजारी बसून जेवा. पुढच्या गोष्टी त्या ताटावरच्या बोलण्यातून आपोआप निघतील.